हीटर लावला तरी हवा गारच

प्रश्न : हीटर पूर्ण गरमवर ठेवतो, ब्लोअर जोरात चालतो, पण हवा गारच येते. रेस दिली की थोडा वेळ कोमट लागते, सिग्नलला थांबलं की पुन्हा थंड. इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीसारखा मध्यावर असतो. डॅशबोर्ड उतरवून हीटर कोअर बदलावा लागेल असं मेकॅनिक म्हणतो. दुसरं काही कारण असू शकतं का?

उत्तर : असू शकतं, आणि डॅशबोर्डला हात लावण्याआधी ते शोधायलाच हवं. कोअर बदलणं हे दिवसभराचं काम, आणि तुम्ही सांगता ती लक्षणं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी पडल्याची किंवा आत हवा अडकल्याची आहेत.

हा हीटर स्वतः काहीच तापवत नाही. इंजिनात तापलेलं कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये, फिरून परत जातं आणि ब्लोअर त्यातून हवा ढकलतो. बऱ्याच गाड्यांत कोअर इंजिनाच्या मानाने उंचावर असतो. कूलंट अर्धा-पाऊण लिटर कमी झालं की हवा तिथेच जाऊन बसते. रेस दिल्यावर पंपाचा जोर वाढतो आणि थोडं कूलंट वर चढतं, म्हणून हवा कोमट होते. इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो का, ते एकदा काच बंद करून ऐका. येत असेल तर जवळपास खात्रीच.

आधी पातळी बघा, तीही रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीत. इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि दाब सुटताच उसळून अंगावर येतं. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून आत बघा. नुसत्या प्लास्टिकच्या टाकीवर विसंबू नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर थंड होताना कूलंट टाकीतून परत ओढलं जात नाही. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो.

पातळी ठीक असेल तर दोन पाइपांची परीक्षा. इंजिन पूर्ण तापवा, हीटर सर्वांत गरमवर ठेवा आणि इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्यातून आत जाणारे, बोटाहून थोडे जाड दोन पाइप शोधा. बाही आवरून, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून त्यांना क्षणभर स्पर्श करा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर रबरावर धरा. चकचकीत धातूवर तो चुकीचं मोजमाप दाखवतो. दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर कूलंट नीट फिरतंय आणि दोष हवेच्या बाजूला, म्हणजे गरम-थंड हवा मिसळणाऱ्या आतल्या झडपेत आहे. एक चटका देणारा आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर कोअर चोंदलाय किंवा वाटेतला हीटर व्हॉल्व्ह बंद राहतोय. व्हॉल्व्हच्या अलीकडे-पलीकडे हात लावला की कळतं. दोन्ही थंड असतील तर कूलंट तिथवर पोचतच नाही. हवा अडकणं हे त्याचं नेहमीचं कारण, आणि क्वचित वॉटर पंपाची झिजलेली किंवा सैल झालेली पाती.

हवा काढण्यासाठी इंजिन थंड असतानाच गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे झाकण सर्वांत उंच राहील. हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. झाकण उघडून घट्ट बसणारं फनेल लावा, कूलंट भरा, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर हळू ठेवून इंजिन सुरू करा. इंजिनावर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा; बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा लगेच भर घाला. मधूनमधून दोन हजार आरपीएमपर्यंत रेस द्या. बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण वीस-तीस मिनिटं, घाई करू नका. मग इंजिन बंद करा, पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघून झाकण लावा.

बुडबुडे थांबतच नसतील तर मात्र तिथेच थांबा. थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट घटत राहणं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येणं ही हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील, गेल्याची चिन्हं आहेत. हवा काढत बसून ते बरं होत नाही. आणि भर घालावी लागली याचा अर्थ कूलंट कुठेतरी गेलंय. पाइपांच्या क्लॅम्पपाशी साचलेली रंगीत खरपुडी, पंपाखालच्या बारीक भोकातला ओघळ आणि डाव्या-उजव्या पायाखालची ओली मॅट, हे तिन्ही तपासा.

प्रश्न : शहरात हीटर बरा चालतो. हायवेला लागलं की काटा खाली येतो आणि हवा गार होते. असं का?

उत्तर : थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९२ अंश सेल्सिअसच्या आसपास, पोचेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणं हे त्याचं काम. वाट सतत उघडी राहिली की वेगात येणारा वारा कूलंट गरजेपेक्षा जास्त थंड करतो. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा P०१२८ हा, कूलंट पुरेसं तापत नसल्याचा, कोड दिसेल.

खात्री करायची तर थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवा. काटा चढेपर्यंत तो थंड राहायला हवा आणि मग एकाएकी तापायला हवा. पहिल्या काही मिनिटांतच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट मिटत नाही. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगून, भांड्याच्या तळाला न टेकवता, थर्मामीटर लावून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, बारीक हलणारी पिन असेल तर ती वर, आणि गॅस्केट नवंच.

थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी तशीच चालवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो ऐकू नका. इंजिन सतत थंड राहिलं की इंधन जास्त जळतं आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं.

प्रश्न : शेजारच्या सीटकडे गरम हवा येते, चालकाकडे गार. तापमान बदललं की डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो.

उत्तर : गरम-थंड हवा मिसळणारी झडप फिरवणारी छोटी मोटर नादुरुस्त आहे. तिच्या प्लास्टिकच्या गियरचे दाते तुटले की ती जागच्या जागी घसरते, तोच हा आवाज. ती सहसा दोन-तीन स्क्रूंवर असते. काढून झडपेचा दांडा बोटांनी फिरवून बघा. हलका फिरला आणि गरम हवा आली तर फक्त मोटर बदला. दांडा अडत असेल तर जोर लावू नका. बऱ्याचदा पेन किंवा नाणं आत पडून झडप अडकलेली असते. नव्या मोटरला झडपेची दोन्ही टोकं ओळखून घ्यावी लागतात. त्याची पद्धत गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. आवाज नसेल आणि एकच बाजू गार असेल तर अर्धवट चोंदलेला कोअरही तेच करतो, म्हणून पाइप आधी तपासा.

प्रश्न : कोअर चोंदलाय हे नक्की झालं. न काढता साफ होईल का?

उत्तर : अनेकदा होतो. थंड इंजिनावर दोन्ही पाइप काढा. ते चिकटलेले असतात. ओढू नका, पकडीने हळू पिळून सोडवा, नाहीतर कोअरची नळीच वाकते. आता परतीच्या नळीतून, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट, बागेच्या नळाचं पाणी अगदी मंद दाबाने सोडा. सुरुवातीला चहासारखं तांबूस, गाळ असलेलं पाणी येईल. स्वच्छ होईपर्यंत आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सोडा. प्रेशर वॉशर किंवा कॉम्प्रेसरची हवा लावू नका, शिवण फुटते. बाहेर पडणारं जुनं कूलंट भांड्यात धरा. ते गोडसर लागतं आणि कुत्र्या-मांजरांसाठी, मुलांसाठी विषारी असतं.

नंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचंच कूलंट भरा. रंग बघून निवडू नका, रंगाला सर्वमान्य नियम नाही, आणि न जुळणारे प्रकार मिसळले की गाळ बनू शकतो. सांद्र कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्षारांची पुटं आणि गळती बंद करणारी पावडर, कोअर चोंदण्यामागे बहुधा हीच असतात.

प्रश्न : हीटर लावला की गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरतं.

उत्तर : कोअर गळतोय. इथे मात्र बदलण्यावाचून इलाज नाही. तोवर हीटर लावू नका आणि कूलंटची पातळी रोज बघा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीतही हेच तपासायचं का?

उत्तर : नाही. तिथे उष्णता हाय व्होल्टेजवर चालणाऱ्या विजेच्या हीटरमधून किंवा हीट पंपातून येते. केबिन फिल्टर आणि फ्यूज एवढंच घरी बघा. नारिंगी केबलला हात लावू नका. पुढचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचं.