नालेसाठी घोडा : प्लँटेड टँकचा महागडा दिवा हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न : माझा मासे आणि पाणवनस्पतींचा काचेचा टँक 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 36 उंच आहे. त्यात अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पती लावल्या आहेत. पुढेमागे तळावर हिरवळ पसरवायची इच्छा आहे, पण सीओटू (पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडण्याची सोय) बसवलेला नाही. दोन एलईडी दिवे पाहून ठेवलेत. एक 60 वॉटचा, त्याचे रंग मोबाइलवरून वेगवेगळे जुळवता येतात. किंमत माझ्या एका महिन्याच्या बचतीएवढी. दुसरा 24 वॉटचा, साधा पांढरा पण डिमर असलेला, पहिल्याच्या चौथाई किमतीत. महागडा बारा बिनव्याजी हप्त्यांवर मिळतोय. अडीनडीसाठी दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे बाजूला आहेत. ‘घ्यायची तर एकदाच चांगली वस्तू घे,’ असं मित्राचं म्हणणं. काय करू?

उत्तर : साधा घ्या.

मित्राचं म्हणणं बूट किंवा खुर्ची घेताना मला पटतं. टँकच्या दिव्याला ते लागू होत नाही, कारण बाकीचे सगळे खर्च किती वेगाने धावणार हे हा दिवाच ठरवतो. उजेड वाढला की वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, आणि मग त्या कार्बन मागतात, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश, लोह मागतात. वरून न सोडता टँकच्या पाण्यात असणारा सीओटू लिटरला साधारण जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम. सीओटूचा सिलिंडर लावणारे साधारण 30 मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवतात. ही तफावत भरून काढली नाही, तर वनस्पती अडून बसतात आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसलं जातं. मग सिलिंडर, रेग्युलेटर, वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्युझर, खतं, दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणं, छाटणी. नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघाल्यासारखं होतं, आणि तुमची ही नाल हप्त्यांवर आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या टँकवर मीही असाच भारी दिवा चढवला होता. तीन आठवड्यांत जावा फर्नला शेवाळाच्या हिरव्या दाढ्या फुटल्या. शेवटी दिवा अर्ध्यावर आणला तेव्हा टँक ताळ्यावर आला, म्हणजे निम्म्या दिव्याचे पैसे मी बंद ठेवण्यासाठी मोजले होते. दुसऱ्यांना पैशाचा सल्ला देणाऱ्याने हे कबूल करायला थोडा वेळ लागतो.

आता तुमच्या वनस्पतींना लागतं किती ते पाहू. त्यासाठी खोक्यावरचे लुमेन बाजूला ठेवा. लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट उजेड सर्वात जास्त जाणवतो. वनस्पती 400 ते 700 नॅनोमीटरमधला सगळा प्रकाश कमीअधिक वापरतात. तो मोजतात ‘पार’ (PAR) या मापाने. लिटरमागे किंवा गॅलनमागे किती वॉट, हा जुना ठोकताळा ट्यूबलाइटच्या जमान्यातला आहे, एलईडीला तो धरून चालत नाही. तुमच्या तिन्ही वनस्पती मंद उजेडातल्या. तळाशी 20 ते 40 पार मिळाला तरी त्यांचं नीट चालतं. 36 सेंटिमीटर उंचीच्या टँकमध्ये, सबस्ट्रेटची (तळातल्या माती-वाळूच्या थराची) जाडी वजा जाता, 24 वॉटचा बरा एलईडी तेवढा उजेड सहसा पोचवतो. घेण्याआधी बनवणाऱ्याचा पार तक्ता मागा. त्यात दिव्याच्या बरोबर खालचा, मधला आकडा नेहमीच छान असतो, म्हणून कोपऱ्यांतलेही पाहा, आणि ते हवेत मोजलेत की पाण्यात हेही विचारा.

विजेचा हिशेब छोटा आहे, पण करून टाकू. 60 वॉट रोज आठ तास म्हणजे महिन्याला 14.4 युनिट. 24 वॉट सात तास म्हणजे साधारण पाच. वर्षाचा फरक शंभर-सव्वाशे युनिटचा, निर्णय त्यावर फिरणार नाही.

महागड्या दिव्यावर अन्याय नको. त्याचा उजेड जास्त समान पसरतो, उष्णता बाहेर टाकणारी पट्टी जाड असते, आणि लाल-हिरव्या रंगांची जी खुलावट दिसते ती खरी आहे. फक्त ती बरीचशी तुमच्या डोळ्यांसाठी आहे. वनस्पती 6500 केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या साध्या पांढऱ्या उजेडातही वाढतात. डोळ्यांच्या सुखासाठी खर्च करणं मला मुळीच गैर वाटत नाही, पण मग तो करमणुकीच्या खात्यात लिहा, ‘झाडांना लागतो’ या नावाखाली नको. टँक 60 सेंटिमीटर खोल असता, सीओटू बसून स्थिरावला असता आणि तुम्ही रोख पैसे देणार असता, तर मी उलटं उत्तर दिलं असतं.

हप्त्यांबद्दल. ‘बिनव्याजी’ असेल तर दोन गोष्टी विचारा : रोख दिले तर सूट किती, आणि प्रक्रिया शुल्क आहे का. बुडालेली सूट हेच पुष्कळदा व्याज असतं. शिवाय तुमच्याकडे अडीनडीला दोनच महिन्यांची सोय आहे. मी तीन महिने हा तळ मानतो, मिळकत अनियमित असेल तर सहा. त्याआधी छंदासाठी वर्षभराची बांधिलकी, तीही हप्ता लहान आहे एवढ्याच कारणाने, मला नको वाटते.

तर 24 वॉटचा दिवा आणि एक टायमर घ्या. किमतीतला फरक, म्हणजे महिन्याच्या बचतीचा पाऊण भाग, आधीच अडीनडीच्या पैशांत टाका. पहिले काही आठवडे दिवा रोज सहा तास, डिमर कमीवर, मग हळूहळू वाढवा. सहा महिन्यांनी टँक स्वच्छ असेल, आठवड्याचं पाणी बदलणं एकदाही कंटाळून टळलं नसेल आणि हिरवळीची हौस तशीच असेल, तर पुढची खरेदी सीओटूची करा, दिव्याची नाही. तिची रक्कम ठरवताना सिलिंडर भरण्याचा खर्चही धरा, आणि सीओटू जास्त झाला तर मासे दगावतात हेही लक्षात ठेवा. मोठ्या दिव्याचा क्रम त्यानंतर.

तेव्हाही तो नवाच घ्यायला हवा असं नाही. चांगल्या एलईडीचा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर यायला बऱ्याचदा 50,000 तास लागतात असं बनवणारे सांगतात. रोज आठ तासांनी दोन वर्षं वापरलेला दिवा सहा हजारही पार करत नाही. ट्यूबलाइटवाले साधारण वर्षाला नळी बदलायचे, ती कटकट इथे नाही. छंद सोडणारे लोक बऱ्यापैकी दिवे कमी किमतीत विकतात. बघायला गेलात तर दिवा पूर्ण उजेडावर पंधरा मिनिटं चालू ठेवायला सांगा, एखादा बल्ब मंद आहे का ते पाहा, आणि पट्टीच्या टोकांना गंज किंवा ओलीचे डाग शोधा. बऱ्याचदा आधी बिघडतो तो अडॅप्टर, म्हणून तसाच वेगळा मिळतो का हे आधी विचारून ठेवा.

टायमर लावताना सकाळी आठची वेळ नको. दिवा किती वाजता लागला याच्याशी वनस्पतींना देणंघेणं नाही, रोजची वेळ तीच हवी एवढंच. तुम्ही संध्याकाळी घरी असाल तर चार ते अकरा ठेवा, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तो उजेड तुम्हालाही बघायला मिळेल.