जुनी बाईक सिग्नलवर बंद पडते, चोक ओढला की चालते. गॅरेजवाला नवा कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) टाकायला सांगतोय. टाकू का?

नका टाकू. निदान आजच्या आज तरी नका.

चोक हवा कमी करतो, म्हणून तो ओढल्यावर चालते म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. एकतर पायलट जेट, म्हणजे रेस न देता गाडी चालू असताना पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, चोंदलाय, नाहीतर कार्बोरेटरच्या पुढच्या जोडातून फुकटची हवा आत शिरतेय. हे दुसरं गॅरेजमध्ये कोणी बघतच नाही आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

आमच्या बाबांच्या १०० सीसीच्या गाडीचं हेच झालं होतं. मे महिना, नागपूरचा सक्करदरा चौक, ४५ अंशांचं ऊन आणि सिग्नलला थांबलं की गाडी फुस्स. गॅरेजमधल्या पोरानं क्लच केबलची तार तोडली आणि पायलट जेटच्या भोकात कान कोरल्यासारखी फिरवली. अरे, जेट पितळेचा, तार पोलादी! भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो. जेट भिजवायचा, हवा मारायची, उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघायचं. नाहीच निघाला कचरा तर जेट नवा घ्यायचा. आम्हाला घ्यावाच लागला.

तरी गाडी बंद पडायचीच. मग भाऊजी मध्ये पडले. "कायले डोकं लावून राहिला बे? कार्बोरेटर गेला तो, नवा टाक." जावयाचा शब्द, बाबांनी लगेच ऐकला. नवा बसला आणि गाडी पुन्हा तश्शीच.

शेवटी मी गाडी थंड असताना सुरू केली आणि कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडमधल्या जोडावर थोडा थोडा मारला. एका जागी मारला की रेस बदलायची. खोललं तर तिथली ओ रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, तापून तापून चपटी, कडक. नख लावलं तर तुकडाच निघाला. चिल्लर पैशांची वस्तू. नवी घातली, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्सर स्क्रू लावून घेतला, गाडी सिग्नलला चोकशिवाय चालू राहायला लागली.

भाऊजी अजूनही चारचौघात सांगतात की नव्या कार्बोरेटरनंच गाडी सुधारली. आता काय बोलणार?

हां, स्प्रे भडकतो, तापलेल्या इंजिनावर मारू नका. गाडी पावसाळाभर उभी असेल तर आधी फ्लोट चेंबरचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा, खालचा स्क्रू ढिला करून जुनं पेट्रोल काढा. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं. आणि कार्बोरेटरच्या आतला, रेस दिली की वर सरकणारा स्लाइड खरंच घासला असेल तर मात्र गॅरेजवाल्याचं बरोबर आहे.

बदललाच तर जुना कार्बोरेटर मागून घ्या, तो भंगार म्हणून ठेवून घेतात. आमचा मी परत आणला, धुतला, बसवला. गाडी आज त्याच्यावरच चालते. भाऊजींचा नवा कपाटावर डब्यात पडलाय. त्यांना अजून सांगितलं नाही.