आमच्या जिल्हा परिषद शाळेने विज्ञान शिकवायला व्हीआर हेडसेट घ्यावेत का?

लोकवर्गणी जमली आहे, त्यातून सातवीसाठी पाच व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आपण आभासी दृश्याच्या आत उभे आहोत असं वाटायला लावणारा चष्मा) घ्यावेत की प्रयोगाचं साहित्य, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, हेडसेट एकच घ्या. आणि तोही चेंडू खेळून झाल्यावर बाहेर काढा.

चेंडूंचं सांगतो. मी शाळाशाळांतून खगोलाची सत्रं घेतो. "दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?" इथे मुलं हमखास अडतात, कारण पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला खेटून असतो. पानावर दुसरं काही मावतच नाही, त्यात पुस्तकाचा दोष नाही. म्हणून आधी मैदानात. बास्केटबॉल ही पृथ्वी, टेनिसचा चेंडू हा चंद्र. चंद्र कुठे धरू, असं विचारलं की बहुतेक मुलं हातभर अंतर दाखवतात. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या 30 पट, म्हणजे या मापात सव्वासात मीटर! चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे तिथे चेंडू 65 सेंमीपर्यंत वर किंवा खाली जातो. पृथ्वीची गडद सावली मात्र तिथे वीतभरसुद्धा रुंद नसते, जेमतेम 17-18 सेंमी. चंद्र सावलीला चुकवतो कसा, हे मुलांना तिथेच दिसायला लागतं.

मैदानात एकच गोष्ट करता येत नाही. कक्षेच्या बाहेर उभं राहून अख्खं वर्ष दोन मिनिटांत सरताना बघता येत नाही. हेडसेट लागतो तो इथे. एका शाळेत हेडसेट लावलेली मुलगी ओरडली, "सर, वरून गेला! आता खालून गेला!" मैदानात चेंडू धरून उभी होती तीच ही मुलगी. आधी हातात माप आलं नसतं तर तिला नुसता फिरणारा गोळा दिसला असता.

दिपून जाणं म्हणजे शिकणं नव्हे, हे संशोधनातही दिसलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या विद्यापीठातले संशोधक परॉंग आणि मेयर यांनी 2018 मध्ये रक्तप्रवाहाचा एकच धडा काही विद्यार्थ्यांना व्हीआरमधून आणि काहींना साध्या स्लाइड्सवरून दिला. मजा व्हीआरवाल्यांना जास्त आली, चाचणीत गुण मात्र स्लाइडवाल्यांना जास्त पडले. पण व्हीआरमध्येच प्रत्येक टप्प्यानंतर थांबून ज्यांनी आपल्या शब्दांत सारांश लिहिला, ते न लिहिणाऱ्यांपेक्षा पुढे गेले.

म्हणून माझी पद्धत अशी: एकाने आत बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी ते ऐकून वहीत काढायचं. दोन-तीन मिनिटांनी मुलगा बदलायचा. मग हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर घेऊन चित्रं ताडून बघायची. चाळीस मुलांत एक हेडसेट पुरतो तो असा. बघणाऱ्याला खुर्चीत बसवा. उभ्याने काहींना गरगरतं.

हेडसेटमध्ये दाखवायच्या चंद्राच्या मॉडेल्ससाठी पैसे घालवू नका. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने लेसरने चंद्राचे उंचसखल भाग मोजलेत, त्यावरून केलेले नकाशे आणि मॉडेल्स मोफत मिळतात. जे वापराल ते आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. शाळेतल्या नेटचा भरवसा नसतो, आणि ऑनलाइन सेवाही कायम राहत नाहीत. शाळांना व्हीआर सहली घडवणारं गुगलचं एक्स्पिडिशन्स ॲप जून 2021 मध्ये बंदच झालं.

बल्ब, तारा, लोहचुंबक, मोड आलेली मटकी यांच्यासाठी मात्र हेडसेट अजिबात नको. जे हातात धरता येतं ते हातातच द्या. अणू-रेणूंसारखं न दिसणारं काही दाखवायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स साध्या संगणकावर चालतात, त्यातली बरीच मराठीतही आहेत. उरलेल्या पैशांतून मोठा टीव्ही आणि एक साधी दुर्बीण घ्या.

पहिलं सत्र शुद्ध अष्टमीच्या आसपास ठेवा. शाळा सुटते तेव्हा अर्धा चंद्र आकाशात चांगला वर आलेला असतो. मुलांना एक हात सूर्याच्या दिशेला आणि दुसरा चंद्राकडे करायला सांगा (सूर्याकडे टक लावून न बघता). दोन हातांत काटकोन होतो.