जेएसए सोडण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मणक्याच्या दुखण्यानं धड बसवत नाही, रात्री झोप नाही, आणि तरीही जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, जाऊन 'हो, काम शोधतोय, लगेच रुजू होऊ शकतो' असं सांगून येतोस. आजारी आहे म्हटलं तर मिळतोय तो बेकारी भत्ताही (जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे जेएसए) जाईल, ही तुझी धास्ती. ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्या आपल्या बऱ्याच मुलामुलींना ती असते. पण खोटं बोलून जेएसए चालू ठेवणं हा यातला सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे. जेएसए हा कामाला उपलब्ध असलेल्या माणसाचा भत्ता. उद्या त्यांनी एखाद्या मुलाखतीला पाठवलं आणि तू गेला नाहीस, तर दंड म्हणून पैसे थांबतील, आणि तेव्हा आजाराचं कारण सांगायला गेलास तर आधी का बोलला नाहीस, हा प्रश्न येणारच.

म्हणून पहिलं काम, वर्क कोचला, म्हणजे जॉबसेंटरमधल्या तुझ्या अधिकाऱ्याला, सांग. सांगितलं की लगेच जेएसए बंद होतो असं नाही. बारा महिन्यांत दोनदा, प्रत्येकी दोन आठवड्यांपर्यंत, आजारी असूनही जेएसए चालू राहू शकतो. शिवाय वर्षातून एकदा तेरा आठवड्यांपर्यंतची मोठी सवलत मिळते. त्या काळात काम शोधण्याची अट तुझ्या तब्येतीप्रमाणे सैल करतात. पहिल्या सात दिवसांसाठी तू स्वतः लिहून दिलेलं चालतं, त्यापुढे फिट नोट, म्हणजे आजारपणामुळे काम जमत नसल्याचा दाखला, लागते. ती जीपीनंच, म्हणजे तुझ्या नेहमीच्या डॉक्टरनंच, द्यायला हवी असं नाही. जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टही देऊ शकतात. तू फिजिओकडे जातोसच, तिथेच विचार.

आता खरा प्रश्न. तेरा आठवडे जेएसएवर काढायचे की आत्ताच ईएसएचा (एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स, आजारपणामुळे काम न जमणाऱ्याचा भत्ता) अर्ज करायचा?

महिन्याभरात उभा राहशील असं डॉक्टर म्हणत असतील तर जेएसएवरच थांब, उगाच कागदांच्या जंजाळात शिरू नकोस. पण दुखणं लांबणार असेल तर मी ईएसएकडे जा म्हणेन. कारण साधं आहे. जेएसए जास्तीत जास्त १८२ दिवस मिळतो आणि आजारपणात घेतलेले दिवसही त्यातूनच वजा होतात. बरा झाल्यावर, खरंच नोकरी शोधायच्या वेळी, हाताशी काही उरायला हवं. पैशाचा फरक सुरुवातीला काहीच नाही. २०२५-२६ च्या दरानं पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला दोन्हीकडे आठवड्याला ९२.०५ पौंड होते, त्याखालच्याला ७२.९० पौंड.

मात्र क्रम चुकवू नकोस. दोन्ही भत्ते एकाच वेळी मिळत नाहीत, म्हणून काही जण आधी जेएसए बंद करून मोकळे होतात आणि मग सावकाश ईएसएच्या अर्जाला बसतात. मधले आठवडे कोरडे जातात. नवा दोर हातात आल्याशिवाय जुना सोडू नये. आधी फिट नोट मिळव, ईएसएचा अर्ज भर, आणि जेएसए कोणत्या तारखेला थांबवायचा ते वर्क कोचशी बोलून ठरव. ईएसएला एरवी पहिले सात दिवस बिनपैशाचे असतात, पण जेएसएवरून थेट येणाऱ्याला ते सहसा लागत नाहीत. आणि उशीर झालाच, तर अर्ज तीन महिने मागच्या तारखेपासून धरायची विनंती करता येते, फक्त त्या काळाच्या फिट नोट हव्यात.

तुला व्हिसाची काळजी आहे, तेही लिहितो. व्हिसावर 'पब्लिक फंड्स'ची, म्हणजे ठरावीक सरकारी मदतीची, मनाई असलेल्यांना युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) घेता येत नाही. पण आपण बोलतोय ते न्यू स्टाइल जेएसए आणि न्यू स्टाइल ईएसए हे तू भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतात, ते त्या यादीत येत नाहीत. बायकोचा पगार किंवा तुमची बचत यांचाही त्यावर परिणाम होत नाही. हा तुझ्याच पगारातून कापलेला विमा आहे. लाज कसली वाटते?

अर्जानंतर एक लांबलचक फॉर्म येईल आणि मग तपासणी, फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर. इथे आपली माणसं हमखास अडकतात. 'कसे आहात?' म्हटलं की आपल्या तोंडून आपोआप 'बरं आहे' निघतं. तिथे ते अंगाशी येतं. त्यांना आजाराचं नाव आणि एमआरआय यांपेक्षा तुला काय करता येतं, काय नाही, हे हवं असतं. जे जमत नाही त्याला गुण देतात, आणि पंधरा गुण झाले की काम करण्याची क्षमता मर्यादित आहे असं मानतात. म्हणून 'चालता येतं का'ला नुसतं 'हो' म्हणू नकोस. दोनशे मीटर चाललो की थांबावं लागतं, थांबल्यावर पुन्हा तेवढं चालता येत नाही, असं असेल तर तसंच सांग. एकदा कसंबसं जमणं म्हणजे जमणं नव्हे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमायला हवं. खुर्चीत किती वेळ बसवतं ते घड्याळ लावून बघ. आत्तापासून रोज दोन ओळी लिहून ठेव, वाईट दिवसांच्याही आणि बऱ्या दिवसांच्याही. वाढवून काही लिहू नकोस, ते लगेच कळतं.

निकाल येईपर्यंत फिट नोटमध्ये एका दिवसाचीही फट पडू देऊ नकोस. जुनी संपायच्या आठवडाभर आधी जीपीकडे नवीन माग. भरलेल्या फॉर्मच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेव.

निकालात तुला कामाची तयारी करण्याच्या गटात टाकलं तर ईएसए ३६५ दिवसांपुरता मिळतो, आणि रक्कम आजच्याइतकीच राहते. आजार गंभीर मानून सपोर्ट ग्रुपमध्ये घेतलं तर ही मुदत नसते आणि पैसे जास्त मिळतात. तुझ्या दुखण्याला पहिला गट मिळेल असा माझा अंदाज, पण आधीच गृहीत धरू नकोस. 'काम करायला तंदुरुस्त' असं पत्र आलं तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, तोही नाकारला तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील. त्या वेळी एकट्यानं लिहीत बसू नकोस, सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत जा, तिथे पैसे पडत नाहीत.

सोमवारी सकाळी आधी जीपीला फोन कर, मग जॉबसेंटरला. फॉर्म आला की मला दाखव, पाठवायच्या आधी.

तुझा,
काका