ओल्या जागेतले व्हायोलेट कसे ओळखावे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरामागच्या ओढ्याकाठी मे महिन्यात जांभळी व्हायोलेट फुलली होती. हिरवळीतल्या व्हायोलेटसारखीच, पण दांडे लांब. ही जात वेगळी का? कासच्या सीतेच्या आसवांशी हिचे नाते आहे का?

उत्तर : वर्णनावरून व्हायोला कुकुलाटा वाटते. हिरवळीतली बहुधा व्हायोला सोरोरिया, म्हणजे न्यू जर्सीचे राज्यफूल. दोन्हींची पाने आणि फुले थेट जमिनीतल्या आडव्या खोडातून निघतात, म्हणून गल्लत होते. नुसत्या ओलीवर जाऊ नका. सोरोरियालाही ओल चालते.

खात्रीची खूण फुलाच्या आत आहे. दहापट भिंग घ्या आणि बाजूच्या दोन पाकळ्यांच्या बुडाशी असलेली लव पाहा. कुकुलाटात ती आखूड आणि टोकाला फुगीर असते, अगदी आगकाडीच्या गुलासारखी. सोरोरियात ती सुतासारखी बारीक व लांब. फूल ताजेच तपासा, कारण दाबून वाळवले की लव चिकटून बसते आणि टोके कळत नाहीत. वरून काढलेल्या फोटोतही ती दिसत नाही. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो हवेत.

कुकुलाटाचा गळ्याजवळचा रंग जास्त गडद असतो आणि फुले पानांच्या बरीच वर येतात. मात्र उंचीची खूण बहराच्या सुरुवातीलाच पाहावी, पुढे पाने वाढून फुलांना गाठतात.

फुले संपली तरी हरकत नाही. उन्हाळ्यात दोन्ही जातींना न उमलताच बी धरणाऱ्या कळ्या येतात. त्या कुकुलाटात ताठ देठावर उभ्या असतात, सोरोरियात बहुधा जमिनीलगत आडव्या, पालापाचोळ्यात दडलेल्या. पाने हलकेच बाजूला सारून बघा. झाड उपटायची गरज नाही.

दोन्ही शेजारी वाढत असतील तर संकर सर्रास होतो. लव एकीची आणि देठ दुसरीचे असे रोप सापडले, तर ओढूनताणून एका नावात बसवू नका, ‘संकर असावा’ अशीच नोंद करा.

सीतेच्या आसवांशी मात्र नाते नाही, फक्त रंग आणि ओल सारखी. ती युट्रिक्युलारिया, म्हणजे चिखलातल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडणारी वनस्पती. तिच्या फुलाला दोन ओठ असतात, व्हायोलेटला पाच सुट्या पाकळ्या.