सिल्बरवाल्डचा फॉरेस्टर
प्रश्न : १९५४ चा ऑस्ट्रियन सिनेमा 'डेअर फ्योर्स्टर फोम सिल्बरवाल्ड' पाहिला. साधी गोष्ट, मग जर्मन लोकांनी एवढा का डोक्यावर घेतला?

उत्तर : साधीच आहे हो, व्हिएन्नाहून आलेली शिल्पकार लीझल, तिचा शहरी मित्र चोरून हरिण मारतो आणि फॉरेस्टर, म्हणजे जंगलाचा राखणदार, तिच्यासाठी गप्प राहून नोकरीवर पाणी सोडतो. पण तेव्हाचा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा जर्मन प्रेक्षक डोळ्यांपुढे आणा, शहरं बॉम्बनी उद्ध्वस्त, पूर्व युरोपातून हाकललेले लाखो जर्मन लोक परक्या गावात नव्याने संसार मांडतायत, आणि पडद्यावर रंगीत डोंगर, जंगल, हरणं! मला तर यातली जनावरंच जास्त आवडतात. अशा गावाकडच्या सिनेमांना तिकडे 'हायमाटफिल्म' म्हणतात, हायमाट म्हणजे आपलं गाव, आपली माती. नक्की परत बघा.