अंगणातला पाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचं घरच्या घरी खत कसं करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पानगळीत अंगण रोज पाचोळ्याने भरतं, तो जाळायचा नाही तर करायचं काय, ही एक. आणि भाजीपाल्याच्या देठा-सालांचं खत करायला गेलं की वास सुटतो, अळ्या होतात, ही दुसरी. दोन्हींवर माझं सांगणं एकच आहे: पाचोळा संपवायच्या मागे लागू नका, तो वर्षभरासाठी साठवा. ओल्या कचऱ्याच्या डब्याला वास सुटतो तो बहुतेक वेळा त्यात कोरडं सामान कमी पडल्यामुळे, आणि तेच कोरडं सामान पानगळीच्या काही आठवड्यांत दारात भरपूर पडतं.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं प्रमाण पाठ करावं लागणार नाही. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही लागतात. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असेल तर काम जोरात चालतं. सुक्या पानांत हे गुणोत्तर ४० ते ८० पर्यंत जातं, म्हणून नुसता पाचोळा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. भाज्यांची सालं, देठ, वापरलेली चहा-कॉफीची पूड यांत ते १५ ते २० च्या आसपास असतं, शिवाय पाणी खूप असतं. म्हणून नुसता ओला कचरा कुजण्याऐवजी सडतो. दोन्ही एकत्र आले की नत्रही मिळतं आणि पानांमुळे हवेला वाटही राहते.

आता गोळा करण्याबद्दल. दव वाळल्यावर, उन्हं वर आल्यावर झाडा. ओली पानं दाताळ्याला चिकटतात आणि पोत्यात भरली तर आतल्या आत बुरसटतात. पायवाट, पायऱ्या आणि पन्हाळी मात्र रोजच्या रोज मोकळ्या ठेवा. ओल्या पानांवरून पाय घसरतो आणि पन्हाळी तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. झाडांच्या बुंध्याभोवतालची जागा अगदी लख्ख झाडून काढायची गरज नाही. तिथे थोडा थर राहू दिला तर माती झाकलेली राहते आणि गांडुळांना खाद्य मिळतं.

गोळा करतानाच निवड करावी. ज्या झाडाच्या पानांवर काळे ठिपके, तांबेरा किंवा भुरीचा पांढरा थर होता, त्याची पानं वेगळी ठेवा. घरगुती ढीग सगळीकडे सारखा तापत नाही, त्यामुळे रोगाचे बीजाणू टिकून पुढच्या हंगामात परत झाडावर येतात. वाहत्या रस्त्याच्या कडेची पानंही नकोत, त्यात तेल, धूळ आणि प्लास्टिकचे तुकडे येतात. अक्रोडाच्या पानांतलं एक द्रव्य दुसऱ्या झाडांना त्रास देतं, पण नीट कुजल्यावर ते काही आठवड्यांत नाहीसं होतं, म्हणून ती चालतात. निलगिरी आणि सूचिपर्णी (सुईसारख्या पानांच्या) झाडांची पानं फार हळू कुजतात, ती थोडीच घाला.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पानं चुरण्याने, आणि नेमकं हेच काम लोक टाळतात. अख्खी पानं ओली झाली की एकावर एक चिकटून पापुद्रे होतात, त्यांच्यामधून ना हवा जाते ना पाणी. चुरलेल्या पानांना कडा जास्त, म्हणून कुजायला वाट जास्त, आणि जागा निम्म्याहून कमी लागते. गवत कापायचं यंत्र असेल तर पातळ थर पसरून त्यावरून दोनदा फिरवा. नसेल तर कडक उन्हात दिवसभर वाळवून पोत्यात अर्धवट भरा, तोंड बांधा आणि वरून तुडवा. घरातल्या मुलांना हे काम मनापासून आवडतं, फक्त पायांत जोडे असू द्या आणि पोत्यात काटे-काड्या नाहीत हे आधी पाहा. जाड, चकचकीत, चिवट पानं मात्र तुडवून चुरत नाहीत. ती यंत्राखालून काढा किंवा वेगळ्या ढिगात घाला, त्याबद्दल खाली सांगते.

किती साठवायचं? घरातून रोज १ लिटर ओला कचरा निघत असेल तर त्याला आकारमानाने २ ते ३ लिटर चुरा लागतो. म्हणजे वर्षाला सुमारे ७३० ते ११०० लिटर. ५० किलो धान्याचं पोतं साधारण ६५-७० लिटरचं असतं, तेव्हा ११ ते १६ पोती भरून ठेवली की पुढच्या पानगळीपर्यंत चिंता नाही. पोती विणलेली, हवा खेळणारी घ्या आणि छपराखाली, विटांवर किंवा फळीवर ठेवा. बंद प्लास्टिक पिशवीत पानं घामेजतात.

स्वयंपाकघरात झाकणाचा ४-५ लिटरचा डबा ठेवा, तळाशी मूठ-दोन मूठ चुरा घाला. सालं-देठ टाकण्यापूर्वी पाणी निथळू द्या. दुधीची, कलिंगडाची जाड साल, कोबीचा दांडा असं काही असेल तर ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करा. अंड्याची टरफलं चुरून टाका, नाहीतर ती खतात तशीच सापडतात. लिंबू-संत्र्याची सालं थोड्या प्रमाणात चालतात. मांस, मासे, हाडं, तेलकट उरलंसुरलं, दुधाचे पदार्थ आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा यांतलं काहीच नको. उंदीर याच वासावर येतात. शिजवलेलं अन्न मूठभर असेल तर मधोमध खोल पुरता येतं, पण रोजची सवय करू नका. डबा दोन दिवसांतून एकदा रिकामा झालाच पाहिजे. हे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर असावं. सगळ्यांचं काम म्हटलं की डबा चार दिवस तसाच राहतो आणि मग दोष खताला लागतो.

ढीग कशात करायचा हे जागेवर ठरतं. अंगण असेल तर १ मीटर उंचीची तारेची जाळी सव्वातीन मीटर लांब कापून टोकं बांधा, साधारण १ मीटर व्यासाचं गोल कुंपण होतं. हे माप उगीच नाही. याहून बराच लहान ढीग आतली ऊब धरून ठेवत नाही, आणि ऊब नसेल तर कुजणं रेंगाळतं. जागा कमी असेल तर झाकणाचं पिंप घ्या, बाजूंना १५-२० सेंटिमीटरवर १० ते १२ मिलिमीटरची भोकं पाडा, तळालाही पाडा, आणि पिंप विटांवर उभं करा. उंदरांची भीती असेल तर तळाला बारीक, मजबूत जाळी लावा. लाकडी भिंतीला किंवा कुंपणाला टेकवून ढीग करू नका.

तळाशी १५ सेंटिमीटर काटक्या आणि जाड डहाळ्या, म्हणजे खालून हवा येते. त्यावर एक वीतभर पाचोळा. मग ओला कचरा, लगेच दुप्पट-तिप्पट चुरा, आणि पहिल्यांदा दोन फावडी जुनं खत किंवा बागेतली माती. कचरा लवकर कुजावा म्हणून घालतात ती विकतची विरजण पावडर लागत नाही, त्या मातीत लागणारे जिवाणू असतात. यापुढे प्रत्येक वेळी एकच नियम पाळा: ओला कचरा कधीही उघडा दिसता कामा नये. मधोमध खळगा करून त्यात टाका, आजूबाजूच्या चुऱ्यात ढवळा आणि वर किमान ५ ते ७ सेंटिमीटर कोरडा थर द्या. चिलटं याच थराने थांबतात.

ओलावा हाताने पाहायचा. ढिगाच्या आतून मूठभर काढून घट्ट दाबा. ते पिळून काढलेल्या फडक्याइतकं ओलसर हवं, जास्तीत जास्त एखाद-दोन थेंब पडावेत. थेंब न पडता मूठ उघडताच सगळं सुटून पडत असेल तर कोरडं आहे. धार लागत असेल तर फार ओलं. कोरडी पानं पाणी लवकर धरत नाहीत, वरून ओतलं तर ते कडेने निघून जातं. म्हणून थर देतानाच शिंपडत जा. पाऊस लागत असेल तर वर ताडपत्री घाला, पण तिच्यावर पाणी साचू देऊ नका, डास होतात.

पूर्ण आकाराचा ढीग नीट जमला तर काही दिवसांत मधला भाग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. दर आठ-दहा दिवसांनी बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असं परतत राहिलं तर तीन-चार महिन्यांत खत होतं. रोज थोडं-थोडं घालत राहिलात तर ढीग इतका तापणार नाही आणि सहा महिने ते वर्षभर लागेल. त्यात बिघडलं असं काही नाही, मात्र तणांचं बी अशा ढिगात मरत नाही, म्हणून बी धरलेलं तण त्यात टाकू नका. कडक थंडीत काम जवळजवळ थांबतं. तेव्हा परतू नका, आहे ती ऊबही जाते.

आता वासाबद्दल. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त झालं, चुरा मिसळा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत पाणी भरलंय आणि हवा नाही. सगळं बाहेर काढा, काटक्या आणि कोरडी पानं घालून परत रचा, नुसती वर माती टाकून तो वास जात नाही. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा पडलाय, पाणी द्या. राखाडी-पांढरे धागे दिसले आणि मातीचा वास असेल तर घाबरू नका, ते कुजवणारेच जीव आहेत. तुमच्या अळ्या मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी रंगाच्या असतील तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या चावत नाहीत, ओला कचरा झपाट्याने खातात. फार झाल्या तर ते ओलाव्याचं लक्षण समजा आणि चुरा वाढवा. औषध मारू नका.

जुना पाचोळा उकरताना नुसत्या हाताने उकरू नये, आत विंचू-साप असू शकतात. दाताळं वापरा आणि जाड हातमोजे घाला. कोरड्या, बुरसटलेल्या पानांतून बीजाणू उडतात. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना हे काम देऊ नका, इतरांनीही आधी पाणी शिंपडून आणि नाक-तोंड बांधून करावं.

जी पानं ओल्या कचऱ्याच्या हिशेबापेक्षा जास्त झाली, आणि ती चिवट पानंसुद्धा, त्यांचा वेगळा ढीग करा. त्यात काही मिसळायचं नाही. भिजवा, दाबा आणि सोडून द्या. इथे काम जिवाणूंपेक्षा बुरशी करते, म्हणून तो तापत नाही आणि एक ते दोन वर्षं लागतात. हे पाचोळ्याचं खत अन्नद्रव्यांत कमी पडतं, पण पाणी धरून ठेवण्यात फार चांगलं असतं, हलक्या रेताड मातीला तर हेच द्यावं.

खत झालं हे रंगावरून ठरवू नका. मूळ वस्तू ओळखू येत नाहीत, ढीग परतल्यावर पुन्हा तापत नाही आणि मातीचा वास येतो, तेव्हा ते झालं. त्यानंतरही महिनाभर सावलीत मुरू द्या. खात्री हवी असेल तर मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बंद करून तीन दिवस ठेवा; उघडल्यावर आंबूस किंवा झोंबणारा वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. तयार खत चाळा, वर राहिलेला भरड भाग नव्या ढिगात टाका. वाफ्यावर २ ते ५ सेंटिमीटरचा थर पुरतो, कुंडीच्या मिश्रणात चौथा हिस्सा, फार तर तिसरा. खोडापासून मात्र ५ ते १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, ओल्या थराने खोड कुजतं. बी पेरायच्या वाफ्यात नुसतं खत भरू नका, कोवळ्या मुळांना त्यातले क्षार सोसत नाहीत.